शून्य आलं, आता पुढे?

पुणे–नाशिक रस्ता आणि कल्याण–अहिल्यानगर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तो आळेफाट्याचा चौक. टोमॅटोच्या पिकअप, उसाचे ट्रॅक्टर, एसटी आणि माळशेजला निघालेली पुण्या-नाशकाची पोरं, सगळ्यांची वाट इथूनच जाते. ३१ डिसेंबरच्या रात्री इथे नाकाबंदी असली तर कुणाला नवल वाटत नाही. काच खाली येते. "कुठून आलात? कुठं चाललात?" मग तोंडासमोर नळी. "फुंका. जोरात. अजून. हां, बस." यंत्र क्षणभर थांबतं आणि आकडा दाखवतं. आकडा शून्य असेल तर सगळा संवाद एका शब्दात संपतो: "जा."

या लेखाचा विषय तो "जा" आहे.

मोटार वाहन कायद्यात नापास होणाऱ्या चालकासाठी भरपूर मजकूर आहे. अटक कुणी करायची, डॉक्टरकडे किती वेळात न्यायचं, रक्त कुणी काढायचं, दंड किती, कैद किती. पास होणाऱ्यासाठी मात्र त्यात काहीच लिहिलेलं नाही. त्याने काय करावं, त्या शून्याचा अर्थ किती वेळ टिकतो, तो आकडा त्याला कशापासून वाचवतो आणि कशापासून वाचवत नाही, हे कुणी सांगत नाही. "शून्य आलं ना, मग झालं" एवढ्यावर आपण गाडी गिअरमध्ये टाकतो.

हा प्रश्न नवा नाही. आपल्या राज्यात तो यंत्र येण्याच्या कितीतरी आधी, ७० वर्षांपूर्वी, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आणि तो घेऊन गेलेला माणूस होता चक्क एक आरटीओ.

साहेबांची जीप

तारीख २९ मे १९५१. मुंबईत कुलाब्याच्या बाजूला रात्री साडेनऊच्या सुमारास एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवत होते बेहराम खुर्शीद पेसिकाका. ते तेव्हा मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी होते. म्हणजे लोकांना गाडी चालवायचा परवाना देणाऱ्या खात्याचे साहेब.

पोलिसांनी त्यांना आधी ठाण्यात आणि तिथून सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये नेलं. तेव्हा फुंकायचं यंत्र नव्हतं. डॉक्टर हेच यंत्र. डॉक्टरांनी काय पाहिलं? तोंडाला अल्कोहोलचा वास होता. डोळे लालसर होते. बाहुल्या थोड्या विस्फारलेल्या, पण उजेडाला प्रतिसाद देत होत्या. बोलणं सुसंगत होतं. वागणं नीट होतं. आणि सरळ रेषेत चालायला सांगितलं तेव्हा ते सरळ रेषेत चालले. डॉक्टरांचं मत पडलं, की या माणसाने कोणत्या ना कोणत्या रूपात अल्कोहोल घेतलेलं आहे, पण तो त्याच्या अमलाखाली दिसत नाही.

आजच्या भाषेत सांगायचं तर साहेब टेस्ट पास झाले.

तरीही ते सुटले नाहीत. कारण १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लागू होता. गाडीवर ताबा होता की नव्हता हा त्या कायद्यापुढचा प्रश्नच नव्हता. प्यायलात का, एवढाच प्रश्न होता. पेसिकाकांचं म्हणणं होतं, की आपण दारू घेतली नाही, 'बी. जी. फॉस' नावाचं टॉनिक घेतलं, त्यात थोडं अल्कोहोल असतं. या म्हणण्याला तेव्हा वजन होतं. कारण अपघाताच्या चारच दिवस आधी, २५ मे १९५१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात असा निकाल दिला होता, की अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं घेण्यावर दारूबंदी कायद्याने घातलेली बंदी टिकत नाही.

मग गुंता सुरू झाला. प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटने पेसिकाकांना निर्दोष सोडलं. सरकार अपिलात गेलं आणि उच्च न्यायालयाने दारूबंदी कायद्याखाली दोषी ठरवून एक महिन्याची सक्तमजुरी आणि ५०० रुपये दंड सुनावला. प्रकरण दिल्लीला गेलं. तिथे आधी तीन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले, मग घटनापीठ बसलं, आणि १९५४ च्या सप्टेंबरमध्ये निकाल लागला. तोंडाला आलेला वास बंदी असलेल्या दारूचाच होता हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची आहे, ती आरोपीवर टाकता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. पेसिकाका सुटले.

कायद्याचे विद्यार्थी हा निकाल मूलभूत हक्कांसाठी वाचतात. मी तो वाचला तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी डोक्यात राहिल्या. पहिली, सरळ रेषेत चालून दाखवलेल्या माणसालाही सुटायला तीन वर्षं लागली, कारण "पास" या शब्दाला आकड्याचा आधार नव्हता. दुसरी, वरच्या न्यायालयांतला सगळा वाद आरोपीच्या पोटात काय होतं यावर झाला. जीपखाली सापडलेली तीन माणसं त्या वादात कुठेतरी मागेच राहून गेली.

नाकाचा भरवसा

पेसिकाका निकालानंतर पोलिसांची अडचण उघड होती. वास सिद्ध करता येतो, पण वास कशाचा हे कसं सिद्ध करणार? खोकल्याचं औषध म्हणा, टॉनिक म्हणा, आपल्याकडचं द्राक्षासव किंवा दशमूलारिष्ट म्हणा, सगळ्यांतच अल्कोहोल असतं. आसव-अरिष्टांत तर ते आंबवताना आपोआपच तयार होतं.

१९५९ मध्ये मुंबई राज्याने दारूबंदी कायद्यात दुरुस्ती करून हा पेच सोडवायचा प्रयत्न केला. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडलं, तर ते औषधातून आलं हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येईल, असं कलम ६६ मध्ये घातलं गेलं. ०.०५ टक्के म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. त्याच वर्षी वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणीचे स्वतंत्र नियमही आले. रक्त डॉक्टरने काढायचं, बाटली सीलबंद करायची आणि सरकारी रासायनिक विश्लेषकाकडे पाठवायची.

थोडं थांबून याकडे बघायला हवं. देशाच्या मोटार वाहन कायद्यात आज जो आकडा आहे, तो यायला १९९४ उजाडलं. आपल्या राज्यात मात्र रक्तातल्या अल्कोहोलचा आकडा त्याआधी ३५ वर्षं कायद्यात होता. आणि तो रस्त्याच्या काळजीतून आलेला नव्हता, दारूबंदीच्या गरजेतून आला होता.

तो कायदा नावात थोडा बदल होऊन अजूनही जिवंत आहे. १९६० च्या दशकापासून दारूबंदी सैल होत गेली, पण परवान्याची अट कागदावर राहिली. १९८० च्या दशकात नारायणगावजवळ 'इंडेज'ची स्पार्कलिंग वाइन बनू लागली आणि परदेशात जाऊ लागली, तेव्हाही ती इथे प्यायची तर परवाना लागतच होता. ज्या जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षबागा जगाला ठाऊक आहेत, तिथल्या रस्त्यावर उभा असलेला हवालदार अशा दोन कायद्यांचा वारस आहे. एक विचारतो "प्यायलात का?" आणि दुसरा विचारतो "किती?"

नाकाच्या पुराव्यावर शेवटचा मोठा घाव १९७१ मध्ये बसला. बच्चूभाई हसनअली कार्यानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, की तोंडाला वास होता, चाल डगमगत होती, बोलणं असंबद्ध होतं, बाहुल्या विस्फारलेल्या होत्या. म्हणजे पेसिकाकांच्या प्रकरणापेक्षा लक्षणं कितीतरी ठळक. पण रक्ताची किंवा लघवीची तपासणी केलेलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, या लक्षणांवरून माणूस प्यायला होता असं पक्कं ठरवता येत नाही.

दोन निकाल शेजारी ठेवले की चित्र पूर्ण होतं. १९५१ चा चालक सरळ चालला आणि तरी अडकला. दुसरा डगमगत चालला आणि तरी सुटला. नाक, डोळे आणि चाल यांच्या भरवशावर ना निर्दोष माणूस सुरक्षित होता, ना रस्ता.

फुगा, रंग आणि वीज

हीच अडचण जगभर होती. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १९२० च्या दशकात बोटातून काढलेल्या थोड्याशा रक्तावर अल्कोहोल मोजायची पद्धत बसवली. किती प्यायल्यावर किती वजनाच्या माणसाच्या रक्तात किती अल्कोहोल असेल, याचं त्यांचं सूत्र अजूनही वापरलं जातं. नॉर्वेने १९३६ मध्ये थेट आकडाच कायद्यात घातला: ५० मिलिग्रॅमच्या वर गेलात की गुन्हा, मग चाल कितीही सरळ असो.

पण रस्त्यावर प्रत्येकाचं रक्त काढणं शक्य नव्हतं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक रोला हार्गर यांनी फुग्यात फुंकायला लावणारं 'ड्रंकोमीटर' बनवलं. इंडियानापोलिसच्या पोलिसांनी ते पहिल्यांदा रस्त्यावर आणलं ती रात्र होती १९३८ ची ३१ डिसेंबर. आळेफाट्याची नाकाबंदी त्या रात्रीची दूरची नात आहे. पुढे १९५४ मध्ये त्याच राज्याच्या पोलीस दलातले रॉबर्ट बॉर्केनस्टाइन यांनी 'ब्रेथलायझर' केलं. फुंकरीतल्या अल्कोहोलने पोटॅशियम डायक्रोमेटचा पिवळा रंग किती फिका पडतो, ते हे यंत्र प्रकाशाने मोजायचं. ब्रिटनने १९६७ मध्ये ८० मिलिग्रॅमची मर्यादा आणि रस्त्यावरची श्वासचाचणी एकाच कायद्यात आणली.

आज आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांत रंग नसतो, वीज असते. आत प्लॅटिनमचा छोटा विद्युतघट असतो. श्वासातल्या अल्कोहोलचं तिथे ऑक्सिडीकरण होतं आणि बारीकसा प्रवाह तयार होतो. जितकं अल्कोहोल, तितका प्रवाह. मग एक गृहीतक वापरून यंत्र श्वासाचं रक्तात रूपांतर करतं: १ मिलिलिटर रक्तात जेवढं अल्कोहोल असतं, साधारण तेवढंच फुप्फुसाच्या तळातून आलेल्या २१०० मिलिलिटर हवेत असतं. म्हणून पोलीस "अजून, अजून" म्हणतात. सुरुवातीची हवा तोंडातली असते, खरी हवा शेवटी येते.

तोंडातली हवा फसवू शकते, हेही यातूनच कळतं. नुकतंच अल्कोहोलवालं माउथवॉश वापरलं असेल किंवा आसवाचा डोस घेतला असेल, तर आकडा उगाच फुगू शकतो. पंधरा-वीस मिनिटांत तोंडातलं अल्कोहोल उडून जातं आणि दुसरी फुंकर खरं सांगते. कलम २०३ मध्ये श्वासाचे "एक किंवा अधिक" नमुने घ्यायची सोय आहे, ती म्हणून महत्त्वाची.

आपला आकडा

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आकडा नव्हता. दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलामुळे गाडीवर नीट ताबा ठेवता न येणं, ही कसोटी होती. १९८८ च्या कायद्याने एकदम दुसरं टोक गाठलं: रक्तात अल्कोहोल "कितीही कमी" असलं तरी गुन्हा. १९९४ च्या दुरुस्तीने ते बदलून आजचा आकडा आणला. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल ब्रेथ अॅनालायझरवर दिसलं, तर कलम १८५ खाली गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढली. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

आकडा आला म्हणून तपासणी लगेच रोजची झाली नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली आणि सात जण मेले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल सापडलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. त्या अपघाताच्या पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, मुंबई वाहतूक पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध जोरदार मोहीम सुरू केली. आज पुणे जिल्ह्यातल्या गावचौकांतही ते यंत्र दिसतं.

म्हणजे आपल्या हातातलं शून्य फुकट मिळालेलं नाही. त्यामागे न्यायालयांची वर्षानुवर्षं आहेत, प्रयोगशाळांतलं काम आहे, आणि रस्त्यावर मेलेली माणसं आहेत.

पास म्हणजे नक्की काय?

जुन्नरच्या वाटसरूला रस्त्यात अडवलं जाणं नवं नाही. घाटघरजवळच्या नाणेघाटात दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात घाट उतरणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. नाणं टाकलं की वाट मोकळी. पण पुढचा उतार, पाऊस, निसटते दगड, हे रांजण सांभाळत नसे. ते ज्याचं त्याने बघायचं.

श्वासचाचणीचंही तसंच आहे. मी कोड लिहून पोट भरतो आणि माझ्या धंद्यात "टेस्ट पास झाली" हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. त्याचा अर्थ एवढाच असतो, की जे तपासलं ते त्या क्षणी ठीक होतं. जे तपासलंच नाही त्याबद्दल टेस्ट काहीच बोलत नाही. फुंकरीच्या यंत्राने एकच गोष्ट तपासली: या क्षणी रक्तात अंदाजे किती अल्कोहोल आहे. झोप तपासली नाही. सर्दीच्या गोळीची गुंगी तपासली नाही. ब्रेक तपासले नाहीत. आणि पुढचा तासही तपासला नाही.

पुढचा तास ही खरी गोम आहे. अल्कोहोल प्यायल्याबरोबर सगळं रक्तात येत नाही. शेवटच्या घोटानंतर साधारण अर्ध्या ते दीड तासात ते शिखरावर पोहोचतं. पोट भरलेलं असेल तर आणखी सावकाश. मग यकृत ते तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरवतं. लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, थंड पाण्याचे हबके यांनी हा वेग वाढत नाही.

आता हिशेब मांडू. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा एक लार्ज म्हणजे ६० मिलिलिटर. त्यात सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं. ६५ किलोच्या माणसाने ते रिकाम्या पोटी घेतलं आणि सगळं रक्तात उतरलं, तर विडमार्कच्या सूत्राने आकडा ४५ च्या आसपास जातो. म्हणजे एकच लार्ज मर्यादा ओलांडू शकतो. आता हा माणूस ढाब्यावरून ग्लास संपवून लगेच निघाला आणि दहा मिनिटांत नाका लागला. यंत्र कदाचित २२ दाखवेल. कायद्याने तो पास. "जा." तिथून ओतूर, मढ करत माळशेज घाट सुमारे ४० किलोमीटर, रात्री तासाभराचा रस्ता. धुक्यातलं पहिलं वळण येईल तेव्हा त्याच्या रक्तातला आकडा नाक्यावरच्यापेक्षा जास्त असेल. नाक्यावर पास, घाटात नापास, आणि घाटात यंत्र घेऊन कुणी उभं नसतं.

उलट टोकाचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा. वरातीत रात्री ११ ते १ मध्ये चार लार्ज घेतलेला पिकअपवाला सकाळी ७ ला टोमॅटो घेऊन नारायणगावच्या मार्केटला निघतो. झोप झाली, आंघोळ झाली, चहा झाला. त्याच्या मते रात्रीचं रात्री संपलं. सूत्राच्या हिशेबाने त्याचा आकडा तेव्हाही ६० च्या घरात असतो. मर्यादेच्या दुप्पट. हे आकडे माणसागणिक आणि जेवणागणिक बदलतात, पण दिशा बदलत नाही.

मग पास झाल्यावर काय करायचं?

पहिलं, आकडा स्वतः बघा. "ठीक आहे, जा" यावर निघू नका. "साहेब, किती आलं?" असं साध्या आवाजात विचारायला काही हरकत नाही. ०००, ०१२ आणि ०२८ हे तिन्ही पास आहेत, पण त्यांचा अर्थ एक नाही. पेसिकाकांकडे डॉक्टरचं मत होतं, आकडा नव्हता. तुमच्याकडे आकडा आहे. तो वेळेसकट लक्षात ठेवा.

दुसरं, कागद परत घ्या. परवाना आणि गाडीची कागदपत्रं दाखवणं हे चालकाचं वेगळं कर्तव्य आहे, फुंकरीशी त्याचा संबंध नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रंही २०१८ पासून चालतात. कलम १८५ खाली परवाना ताब्यात घ्यायचा तर तो गुन्हा झाल्याचं कारण लागतं. तुम्ही पास असाल तर ते कारण उरत नाही. हेल्मेट, विमा, पीयूसीचं वेगळं काही निघालं तर ते वेगळं चलन. त्यावर वाद घालत रस्त्यात उभं राहण्यापेक्षा चलन नीट वाचून घ्यावं आणि हरकत असेल तर रीतसर घ्यावी.

तिसरं, आकडा शून्य नसेल आणि शेवटचा घोट तासाभरातला असेल, तर पास झालात हे विसरा. चावी न प्यायलेल्या माणसाकडे द्या. तसा कुणी नसेल तर गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावा, जेवा, थांबा. आळेफाटा, नारायणगाव, मंचर, रात्री उघडी असलेली हॉटेलं या रस्त्यावर कमी नाहीत. घोडेगावहून भीमाशंकरकडे किंवा ओतूरहून माळशेजकडे वळलात की ती कमी होत जातात, म्हणून निर्णय फाट्यावरच घ्यायचा.

चौथं, शून्य आलं म्हणून पुढच्या रात्रीचा पास मिळालेला नसतो. नऊ वाजता नाक्यावर शून्य, मग रिसॉर्टवर पार्टी, आणि एक वाजता "मघाशी तपासलंय ना" म्हणत परतीचा प्रवास. मघाशी तपासलेला माणूस वेगळा होता.

पाचवं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. पुढे अपघात झालाच, तर शून्याच्या आड लपू नका. कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे चालकाचं कर्तव्य आहे, मग तो प्यायलेला असो वा नसो. न प्यायलेला चालकही बेफिकीर असू शकतो. आणि दुसऱ्याच्या अपघातात मदत करणाऱ्याला कायद्याने २०१९ पासून संरक्षण दिलं आहे, त्यामुळे "नको ती भानगड" हे कारण आता उरलेलं नाही.

नापास झालेल्यासाठीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती पास झालेल्याच्याही उपयोगाची आहे. अटक झाल्यास दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्याला सोडावं लागतं, असं कलम २०२ सांगतं. ही मुदत आरोपीच्या हक्काची आहे आणि पुराव्याच्या हिताचीही. रक्तातलं अल्कोहोल वाट बघत नाही, तासागणिक पुसलं जातं.

याचा अर्थ पुणे जिल्ह्याने १९ मे २०२४ च्या पहाटे नव्याने शिकून घेतला. कल्याणीनगरमध्ये आलिशान गाडीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर ठार झाले. चालक अल्पवयीन होता. त्यानंतर ससून रुग्णालयात त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाच अटक झाली. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल. पण रस्त्यावर, सगळ्यांसमोर, तत्काळ घेतलेल्या फुंकरीचं मोल त्या आरोपानेच दाखवून दिलं. बाटलीतला नमुना बदलला जाऊ शकतो अशी शंका तरी घेता येते. नाक्यावरचा आकडा तिथल्या तिथे चालकाच्या आणि पोलिसाच्या, दोघांच्या डोळ्यांसमोर येतो. तो न प्यायलेल्या माणसाचा जितका मित्र आहे, तितकाच रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचा.

म्हणून नळी पुढे आली की तोंड वाकडं करू नये. ती अपमान करायला आलेली नाही. वास, चाल आणि लाल डोळे यांवरून माणसाचं नशीब ठरवण्याची पद्धत तिने मोडीत काढली आहे. पण तिने आपलं काम केलं की पुढचं काम आपलं असतं. १९५१ च्या त्या खटल्यात जीप चालवणाऱ्याचं नाव कायद्याच्या पुस्तकांत अजून आहे. ज्यांना धडक बसली त्या तिघांची आठवण कुणी काढत नाही. पास झाल्यावर गाडी पुन्हा सुरू करताना आठवण त्यांची असावी. कायद्यासाठी प्रश्न मागच्या ग्लासाचा असतो. पुढे रस्त्यावरून चालत येणाऱ्या माणसासाठी तो फक्त पुढच्या वळणाचा असतो.